आईविना सुनेचे पहिले बाळंतपण

प्रश्न

माझे वय ५९ असून आम्ही दोघे मिरजेला राहतो. यजमान निवृत्त आहेत. एकुलता एक मुलगा आणि सून पुण्यात खासगी कंपन्यांत नोकरी करतात. सुनेला आठवा महिना चालू आहे. ती कॉलेजात असतानाच तिची आई कर्करोगाने गेली. भावंडे नाहीत आणि वडील एकटेच राहतात, त्यामुळे पहिले बाळंतपण माहेरी होण्याचा प्रश्नच उरलेला नाही. ते मी करणार, असे डोहाळजेवणाच्या दिवशीच मी सर्वांसमोर सांगितले. तिने मिरजेला यावे अशी माझी इच्छा आहे. घर मोठे आहे, मालिश करणारी बाई माहितीची आहे, नातेवाईक हाकेच्या अंतरावर आहेत. तिला मात्र पुण्यातच, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे राहायचे आहे. सून स्वभावाने चांगली आहे, उलट बोलत नाही, पण शेगडी, गुटी, मध, पोट बांधणे यांपैकी कशाचाही विषय काढला की मोबाइलवर काहीतरी वाचून दाखवते आणि मला वाईट वाटते. माझे बाळंतपण माझ्या आईने केले. सव्वा महिना तिने मला पाण्यात हात घालू दिला नाही. तेच सुख मला हिला द्यायचे आहे. पण सासूने काही केले तर ती लुडबूड ठरते आणि नाही केले तर लोक म्हणतात, आई असती तर केले असते. जुने किती धरावे, किती सोडावे, आणि मुलाने यात कितपत लक्ष घालावे?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आईने सव्वा महिना पाण्यात हात घालू दिला नाही, हे तुमच्या पत्रातले वाक्य मी पुन्हा वाचले. इतक्या वर्षांनी सुख म्हणून तुम्हाला जे आठवले त्यात गुटी आणि शेगडी कोठेच नाही. आपले काम कोणीतरी उचलले होते, एवढेच आहे. आपल्याकडच्या बाळंतपणात दोन निराळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक आहे ती बाळंतिणीला विसावा, गरम ताजे जेवण आणि घरकामातून सुटका देणारी व्यवस्था; दुसरे आहेत ते बाळाला काय चाटवावे, खोली किती कोंडावी, आईने पाणी किती प्यावे यांविषयीचे समज. पहिल्या गोष्टीला आजचा कोणताही प्रसूतितज्ज्ञ हरकत घेणार नाही, आणि दोन खोल्यांच्या शहरी संसारात नेमकी तीच मिळेनाशी झाली आहे. सून मोबाइलवरून वाचून दाखवते ते सगळे दुसऱ्या भागाविषयीचे आहे. पहिल्या भागाला तिने नकार दिल्याचे तुमच्या पत्रात कोठेही नाही, त्यामुळे वाईट वाटून घेण्यासारखे काही घडले आहे असे मला वाटत नाही.

आता पुणे की मिरज. माझे मत पुण्याच्या बाजूने आहे. आठवा महिना लागल्यावर दोनशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून नव्या डॉक्टरांकडे नाव घालण्यापेक्षा, ज्यांनी पहिल्या महिन्यापासून रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी पाहिली आहे त्यांच्याच हाताखाली प्रसूती होणे केव्हाही श्रेयस्कर. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी जावे या रीतीमागे शहाणपण होते, कारण तेथे तिला कोणालाही न विचारता दुपारी आडवे होता येत असे. मिरजेच्या घरात ती कितीही लाडकी असली तरी सूनच असणार. चुलतसासूबाई आल्या की बाळाला पाजता पाजता ओढणी सावरील, पाहुण्यांचा चहा झाला की नाही याची चिंता वाहील आणि भूक लागली तरी सर्वांची पाने मांडली जाईपर्यंत थांबेल. पुण्यातली ती लहानशी सदनिका तिची स्वतःची आहे, आणि आजच्या घडीला तिचे माहेर म्हणावे असे ठिकाण तेच आहे. तेव्हा तुम्हीच तिकडे जावे. यजमानांना स्वयंपाक येत नसेल तर त्यांच्यासाठी डबा लावावा; निवृत्त माणसाला दोन महिने डब्याचे जेवण जेवून काही होत नाही.

जाण्यापूर्वी मात्र एकदा तिच्याशी बोला, आणि मुलामार्फत बोलू नका. मी काय काय करणार आहे हे तिला सांगण्याऐवजी, मी केलेले कोणते काम तुला आवडेल आणि कोणत्या कामात मी नको आहे, असे तिला विचारा. स्वयंपाक तुम्ही करावा पण बाळाची आंघोळ तिला स्वतः शिकायची आहे, असे ती म्हणू शकेल. पाजताना खोलीत कोणी नको, असेही म्हणेल. ऐकताना मनाला लागले तरी त्याच दिवशी मान्य करून टाका, कारण आठव्या महिन्यात शांतपणे ठरलेली गोष्ट बाळंतपणानंतरच्या चौथ्या रात्री रडारडीत ठरवावी लागत नाही.

याच बोलण्यात तिच्या आईचा विषय निघाला तर तो टाळू नका. आई गेलेल्या मुलीला गरोदरपणात आणि बाळंतपणात ते दुःख नव्याने होते. कळा सुरू झाल्या की तिला आईच आठवेल, आणि त्यात तुमचा कमीपणा काहीच नाही. तिला एखादी मावशी किंवा आत्या असेल तर तिला आठ-पंधरा दिवस आग्रहाने बोलवा. आईच्या हातचे तिला काय आवडत असे, डिंकाचे लाडू ती गुळातले करी की साखरेतले, हे वडिलांना किंवा मावशीला विचारून तसे करा. वडिलांनाही बारशाचे पाहुणे समजू नका. नात किंवा नातू पाहायला त्यांना पहिल्याच आठवड्यात येऊ द्या. आणि आई असती तर केले असते असे कोणी म्हणालेच, तर हो, त्यांनी माझ्यापेक्षा चांगले केले असते, एवढे म्हणून विषय मिटवा. ते तुमच्या तोंडून ऐकणे सुनेला फार मोलाचे वाटेल.

प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी तिच्याजवळ कोण असावे, हेही तिनेच ठरवायचे आहे. कळांच्या काळात ओळखीचे आणि विश्वासाचे माणूस सतत सोबत असेल तर तो काळ काहीसा कमी होतो आणि सिझेरियनची शक्यताही घटते, असे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना तशी सोबत असावी अशी शिफारस करते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांतही जवळच्या स्त्रीला प्रसूतिकक्षात सोबत राहू देण्यास मान्यता दिली. खासगी रुग्णालयांचे नियम आपापले असतात, म्हणून पुढच्या तपासणीच्या वेळीच ते विचारून घ्यावेत. तिने नवऱ्याचे नाव घेतले तर तुम्ही बाहेर बाकावर बसावे. तुमचे नाव घेतले तर करण्याचे काम थोडे असते: कंबर चोळून द्यावी, पाण्याचे घोट द्यावेत, उठून फिरायला हात द्यावा आणि बोलणे कमी ठेवावे. आम्ही तर हूं की चूं केले नव्हते, हे वाक्य त्या खोलीत उच्चारू नये. पहिलटकरणीला कळांमध्ये दहा-बारा तास, कधी त्याहून अधिक लागणे स्वाभाविक असते, आणि बाहेरचे नातेवाईक अधीर होऊन अजून किती वेळ, सिझर करून टाका, असे म्हणू लागले तर त्यांना आवरण्याचे कामही तुमचेच.

याउलट सिझेरियन करावे लागलेच तर त्याची हळहळ तिच्यासमोर कोणी करू नये. आणि कोणी पंचांग काढून शस्त्रक्रियेसाठी मुहूर्त सुचवला तर त्याला ठाम नकार द्यावा. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवडे पुरे होण्याआधी बाळाला बाहेर काढल्यास त्याला श्वासाचा त्रास होण्याचा संभव वाढतो. पत्रिका चांगली निघावी म्हणून बाळाला काचेच्या पेटीत ठेवण्याची वेळ आणण्यात कसले शहाणपण आले?

बाळ जन्मल्यावर पहिला तास त्याचा आणि आईचा असतो. बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीवर ठेवावे आणि तेथेच प्यायला लावावे. सिझेरियननंतरही आई शुद्धीवर असेल आणि दोघांची प्रकृती ठीक असेल तर हे करता येते. घरच्या वडील माणसाने मध किंवा गूळपाणी चाटवण्याची हौस मात्र सोडून द्यावी. मधात अशा एका जंतूचे बीज असू शकते की जे तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून त्याचे स्नायू लुळे पाडणारे विष तयार करते, म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देतच नाहीत. पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर चीक थोडासाच असतो, पण बाळाला तेवढाच पुरतो आणि रोगांशी लढण्याची पहिली शिदोरी त्यातच असते. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान उतरते, सिझेरियननंतर कधी त्याहूनही उशिरा.

तुमच्याकडून सर्वांत मोठी मदत किंवा सर्वांत मोठे नुकसान याच चार दिवसांत होऊ शकते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. बाळ रडले की घरात कोणीतरी विचारते, दूध पुरत नाही का? हा प्रश्न दिवसातून पाच वेळा ऐकलेल्या आईची आपल्या दुधावरची श्रद्धा उडते, मग वरच्या दुधाचा डबा येतो, बाळ अंगावर कमी पिऊ लागते आणि कमी प्यायले की दूध खरोखरच कमी होते. तो प्रश्न तुम्ही विचारू नका आणि दुसऱ्यालाही विचारू देऊ नका. पुरते की नाही हे पाहण्याच्या खुणा आहेत. नवे बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते, रात्रीही पिते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट लघवीने ओले होत असतील आणि काळी शी जाऊन पिवळी होऊ लागली असेल, तर पोट भरत आहे. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येते. घट दहा टक्क्यांच्या पुढे गेली तर डॉक्टरांना दाखवायला हवे.

पाजताना स्तनाग्रे चिरली, रक्त आले, आई दात-ओठ खाऊन पाजू लागली, तर ते सोसायचेच असते असे सांगू नका. बहुतेक वेळा बाळाच्या तोंडात केवळ बोंड गेलेले असते. बाळाचे तोंड जांभईसारखे मोठे उघडेपर्यंत थांबावे, मग त्याला स्तनाकडे आणावे. बोंडाभोवतीचा काळसर भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात जायला हवा, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसायला हवा. चुटूक चुटूक आवाज येत असेल, गाल आत ओढले जात असतील तर पकड चुकली आहे. बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात करंगळी घालून हळूच सोडवावे आणि पुन्हा लावावे. दोन-चार दिवसांत जमले नाही तर स्तनपानाचा सल्ला देणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका पुण्यातल्या बऱ्याच रुग्णालयांत असतात, त्यांना भेटावे. आणि सर्व प्रयत्न करूनही काही कारणाने वरचे दूध द्यावेच लागले तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, वाटी-चमच्याने आणि कोणताही टोमणा न मारता द्यावे.

गुटीविषयी तुमच्या सुनेचे म्हणणे बरोबर आहे. सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही लागत नाही; भर मे महिन्यातही पाण्याचा थेंब लागत नाही. सहाण, हात आणि पाणी यांतून जुलाबाचे जंतू जातात, शिवाय जायफळ आणि वेखंड यांचे किती वेढे पोटात गेले याचा हिशेब कोणाकडेच नसतो, आणि गुटी दिली की बाळ शांत झोपते याचे श्रेय कित्येकदा जायफळाच्या गुंगीचे असते. बाळाला काहीतरी थेंब पाजण्याची हौस असेलच तर डॉक्टर बहुधा ड जीवनसत्त्वाचे थेंब लिहून देतात, ते रोज न चुकता देण्याचे काम आनंदाने आपल्याकडे घ्या. डोळ्यांत काजळ नको, नाळेवर हळद, तेल, राख काही नको. ती कोरडी ठेवली की एक-दोन आठवड्यांत आपोआप गळून पडते. टाळूवर हलके तेल लावायला हरकत नाही, पण ती दाबून भरण्याची गरज नसते, ती वर्ष-दीड वर्षात आपली आपण भरून येते. आंघोळीच्या वेळी नाक-डोके दाबून आकार देऊ पाहणाऱ्या मालिशवाल्या बाईला पहिल्याच दिवशी तसे करू नको म्हणून सांगावे. हळुवार हाताने तेल चोळणे चांगलेच, आणि तेवढे तुम्हालाही उत्तम जमेल.

शेगडीचे मात्र नाव काढू नका. बंद खोलीत निखारे ठेवले की त्यातून एक रंगहीन, गंधहीन विषारी वायू निघतो आणि त्याने माणसे झोपेतच दगावतात. धुरीचा धूरही नवजात फुप्फुसांना सोसत नाही. बाळंतिणीला हवी असलेली ऊब गरम पाण्याच्या आंघोळीतून आणि कमरेला लावलेल्या रबरी पिशवीतून मिळते, आणि बाळाला ती आईच्या अंगाची मिळते. टाके दुखत असतील तर कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटे बसल्याने आराम पडतो. पोट बांधल्याने ते आत जात नाही. सिझेरियननंतर डॉक्टरांनी पट्टा सुचवला तर उठता-बसताना आधार म्हणून वापरावा, पण साडीचे घट्ट आवळलेले पट्टे नकोत. सव्वा महिना अंथरूणही धरू नये, कारण बाळंतपणानंतर पडून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चालावे आणि काम मात्र करू नये. या दोन गोष्टी आपल्याकडे नेहमी एकच समजल्या जातात.

खाण्यापिण्यात तुमचा अनुभव मोबाइलपेक्षा नक्कीच सरस आहे, आणि तेथे सूनही तुमचे ऐकेल. पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जादा लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आहारविषयक शिफारशी सांगतात. अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी हे सारे त्यात बसते. फक्त लाडवांच्या भरात फळे, पालेभाज्या, डाळी, आणि खात असेल तर अंडी व मासे, मागे पडू नयेत, नाहीतर बद्धकोष्ठ होते आणि टाके असलेल्या बाईला त्याचा किती त्रास होतो हे तुम्हाला सांगायला नको. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे हा समज निखालस चुकीचा आहे. पाजायला बसली की तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या असायला हवा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेवावी, दोन्ही एकत्र देऊ नयेत, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. गरोदरपणात तिची साखर वाढली असेल तर लाडवांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासून घ्यावी. बाजारातला बाळंतकाढा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नये.

आता मुलाविषयी. तुमच्या पत्रातला हा शेवटचा प्रश्न खरे तर पहिला असायला हवा होता. केंद्र सरकारी नोकरीत बाप झालेल्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची रजा मिळते. खासगी क्षेत्रात तसे बंधन नसल्याने त्याने कंपनीत आताच विचारून, हक्काची शिल्लक रजा जोडून ठेवावी. पण रजा मिळाली तरी आई घरात आहे म्हटल्यावर मुलगा आपोआप पाहुणा होतो, असे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. आई स्वयंपाक करते, बायको बाळाला घेते आणि हा औषधे आणायला खाली जातो व तासाने वर येतो. सासूदेखत नवऱ्याला लंगोट बदलायला सांगणे कितीही शिकलेल्या सुनेला अवघड जाते. ते सांगण्याचा अधिकार त्या घरात फक्त तुम्हाला आहे, आणि तो पहिल्याच दिवशी वापरा. ढेकर काढणे, लंगोट बदलणे, कपडे धुण्याच्या यंत्रात टाकणे, लसीकरणाच्या तारखा सांभाळणे हे त्याच्याकडे सोपवा, आणि त्याला जमत नाही म्हणून हातातून काढून घेऊ नका. रात्री तीन वाजता बाळ उठले की त्याने उचलून तिच्याजवळ द्यावे, पिऊन झाले की त्यानेच ढेकर काढून, कूस कोरडी करून पाठीवर झोपवावे; म्हणजे तिला वीस मिनिटांत पुन्हा डोळा लावता येईल. सकाळी सहाला तुम्ही बाळाला दुसऱ्या खोलीत न्या आणि दोघांना दोन तास झोपू द्या. बाळ घेऊन बसायला घरात सगळेच तयार असतात. तुम्ही मात्र जितके काम बाळाचे करता त्याच्या दुप्पट तिचे करा.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास ती विनाकारण रडेल. संप्रेरकांची पातळी एकदम घसरलेली असते, झोप नसते, छाती दाटून दुखत असते; जवळ बसावे, कारण विचारत बसू नये. हे दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही उदासी राहिली, बाळ झोपले असतानाही तिला झोप येईना, जेवण तुटले, मी वाईट आई आहे असे ती वारंवार म्हणू लागली किंवा बाळाकडे पाहीनाशी झाली, तर तो बाळंतपणानंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो. भारतात झालेल्या अभ्यासांचा एकत्र विचार केला तर सुमारे पाचांतली एक आई त्यातून जाते. आईवियोग हे तुमच्या सुनेच्या बाबतीत जादा ओझे आहे, म्हणून अधिक लक्ष ठेवा. यावर समुपदेशन आहे, अंगावर पाजतानाही घेता येतील अशी औषधे आहेत, आणि टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. क्वचित एखादी बाळंतीण पहिल्या दोन आठवड्यांत भलतेच बोलू लागते, तिला भास होतात, ती रात्ररात्र जागी राहते, बाळाविषयी विचित्र शंका घेते. पूर्वी याला बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे करत. हा तातडीने उपचार करण्याचा मेंदूचा आजार आहे आणि तिला त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायला हवे. तोवर तिला आणि बाळाला क्षणभरही एकटे सोडू नये.

शरीराच्या काही खुणाही घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजेल असा रक्तस्राव, ताप, दुर्गंधी असलेला स्राव, डोके फुटेल असे दुखणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पोटरीला सूज आणि वेदना, छातीत दुखणे किंवा धाप, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करावा किंवा गाडी काढावी. रक्तदाबाचा झटका बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत येऊ शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बाळ नीट ओढत नसेल, सुस्त पडले असेल, अंग तापले किंवा गार पडले असेल, श्वास जोरात चालून बरगड्या आत जात असतील, पहिल्याच दिवशी पिवळे दिसले किंवा पुढे तळहात-तळपाय पिवळे झाले, तर त्याला कोवळ्या उन्हात धरत बसू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

अशा खुणा वेळीच दिसाव्यात म्हणून बाळाला तपासण्याचे दिवस आधीच ठरवून ठेवलेले बरे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघर जाऊन नवजात बाळे तपासण्याची पद्धत उभी केली. बालमृत्यू त्याने किती कमी झाले याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या त्याच धर्तीवर भेटी देतात. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी असतात. पुण्याच्या सोसायटीत आशाताई दारी येतीलच असे नाही, पण हे सहा दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा आणि त्या दिवशी वजन, ताप, नाळ, त्वचेचा रंग, पिणे हे सारे सावकाश बघा. त्याच वेळी सुनेचीही विचारपूस करा, बाळाआधी तिची.

बारसे बाराव्या दिवशीच व्हावे असा तुमचा आग्रह असेल तर घरच्या घरी पाळण्यात घालून नाव ठेवा आणि मोठा समारंभ तीन महिन्यांनी मिरजेला करा. पहिल्या सव्वा महिन्यात येणाऱ्यांना हात धुवायला सांगणे, सर्दी-खोकला असलेल्यांना परतवणे आणि अर्ध्या तासात उठवणे हे काम सासूने केले तर कोणाला राग येत नाही. तेच सुनेने केले तर वर्षभर बोलले जाते.

कायद्याप्रमाणे पहिल्या दोन अपत्यांसाठी तिला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातील जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. म्हणून शक्य असेल तर आता काम हलके करून रजा नंतरसाठी राखावी, म्हणजे बाळाचे सहा महिने आईजवळ जातील. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय करावी लागते आणि बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुटी द्यावी लागते. या दोन्हींची विचारणा तिने रजेवर जाण्यापूर्वी लेखी करावी. ती कामावर परतल्यानंतर बाळाला तुम्ही सांभाळणार की पाळणाघरात ठेवायचे, हे तिने कधी विचारले नसेल, कारण सासूला तसे विचारणे म्हणजे मागणी केल्यासारखे होते. तुमची प्रकृती आणि मिरजेचे घर पाहून तुम्हाला वर्षातले किती महिने पुण्यात राहता येईल, ते त्या दोघांना आताच नेमके सांगा. तीन म्हणालात तर तीन, आणि जमणार नसेल तर तसेही सांगा, म्हणजे त्यांना चांगले पाळणाघर शोधायला वेळ मिळेल.